कॅप्टनच्या घराचं मागचं दार

५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागते. कामाचं कारण दिलं तर तू विचारशील की जगात काम तुला एकटीलाच असतं का, म्हणून ते देत नाही. खरं असं आहे की दिवसभर मी लोकांशी जसं बोलते तसंच आता कागदावरही उतरायला लागलंय, गोड आणि गुळगुळीत. तुला ते वाचायला लावायची लाज वाटते. या पानावरचीही काही वाक्यं खोडली आहेत.

बातमी अशी की आमच्या कुलपांच्या कंपनीने सगळ्या कामगारांना आणि कारकुनांना प्रश्न विचारून एक पाहणी केली. त्यात निघालं की लोकांचे हात कामावर आहेत, मन नाही. मोठ्या साहेबांना हे फार लागलं. त्यांनी ‘कर्मचारी सहभाग आणि समाजकार्य’ असा नवा विभाग काढला आणि तो माझ्या गळ्यात घातला. म्हणजे लोकांना कंपनी आपली वाटली पाहिजे, समाजालाही आपल्याकडून काही मिळालं पाहिजे, आणि हे दोन्ही एकाच खर्चात झालं पाहिजे. वहिनीला सांग, हसू नको म्हणावं.

सुरुवात वाईट झाली. रस्सीखेच ठेवली तर जोडणी खात्यातल्या एकाची कंबर धरली आणि हिशेबवाले विरुद्ध मालधक्का अशी अबोल्याची लढाई सुरू झाली. मग झाडं लावायला नेलं. तिथे लेथवर काम करणाऱ्या एका गृहस्थाने खड्डा खणता खणता मला विचारलं की कंपनीला माझ्याकडून नक्की काय हवंय. मी म्हटलं, काहीच नाही. त्यावर तो म्हणाला की मग फोटोवाला कशाला आलाय. मी त्याला पुढचा खड्डा दाखवला.

आता मात्र एक उपक्रम छान चाललाय. बुधवारी दुपारी, कामाच्या वेळातच. तो काय आहे ते सांगत नाही, कारण त्यात कंपनीचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही ही माझीच अट आहे. दिलेलं मिरवू नये असं मला वाटतं. (मिरवत नाही हेही एक मिरवणंच आहे का, हा प्रश्न डायरीत लिहून ठेवलाय.) तो झाल्यावर आम्ही सगळे चहा घेऊन गोल करून बसतो आणि ज्याला जे मनात राहिलं असेल ते तो सांगतो. माणसं रडतात, हसतात. आमच्या विक्री खात्याचे प्रमुख, सगळे त्यांना नुसतं विक्रीवाले म्हणतात, आजवर कुठल्याच कार्यक्रमाला फिरकले नव्हते. ते आता एक बुधवार चुकवत नाहीत. स्वतः बिस्किटं आणतात, कोपऱ्यात बसतात आणि जीव लावून ऐकतात. सहभाग म्हणतात तो हाच, असं मी त्यांचं नाव घेऊन सगळ्यांसमोर म्हटलंसुद्धा.

मागच्या आठवड्यात तिथे कोणीतरी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं बोलणं सांगितलं. ते म्हणाले होते की माझी मुलगी गुणी आहे, पण तिच्याशी बोलताना नोकरीची मुलाखत देतोय असं वाटतं. आम्ही किती हसलो म्हणून सांगू!

बाबा कसे आहेत? फोनवर ते मजेत आहे म्हणतात आणि लगेच वहिनीकडे देतात. 

तुझा लोभ आहे असं धरून चालते. नसेल तर उलट टपाली कळव.

तुझी,
छोटी


१४ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. आ.

पत्र पोचलं. खोडलेली वाक्यं चष्म्याच्या दुकानातल्या दिव्यासमोर धरून वाचली. ठेवलेल्या वाक्यांपेक्षा ती बरी होती.

हे फोनवर सांगता येत नाही, कारण बाबा हॉलमध्ये बसलेले असतात. डोळ्यांचा नंबर कितीही वाढला तरी कान अजून तिखट आहेत. तेव्हा नीट वाच आणि वाचून झाल्यावर फाडून टाक.

बाबांना दर बुधवारी दुपारी एका बाईचा फोन येतो. ते मोबाइल घेऊन खोलीत जातात आणि दार लावून घेतात. मी दुकान बंद करून जेवायला येतो तेव्हा आतून हसण्याचा आवाज येतो. हसतात, छोटी! आपले बाबा! कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, शेजारीण. आपल्या एका बाजूला दातांचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला टायरवाला. यातली शेजारीण कुठली? वाचनालयातून नंबर दिलाय म्हणे, कुठल्याशा ‘सोबत’ नावाच्या मंडळाला. मंडळाचा पत्ता विचारला तर त्यांना ठाऊक नाही.

तुझ्या वहिनीचं म्हणणं, बोलू दे की, कोणीतरी चौकशी करतंय. मी म्हटलं, चोरही आधी चौकशीच करतात. त्यावर ती म्हणाली की चोर एवढा वेळ देत नाहीत, हल्ली नवरेही देत नाहीत. या घरात गंभीर विषय चालत नाही.

मी दाराला कान लावला. लावला हे कबूल करतो आणि पुन्हा लावीन. बाबा वादळाबद्दल सांगत होते. समुद्रातल्या. कुठल्या बंदराचे दिवे दिसेनासे झाले, खलाशी कसे घाबरले, जहाजावरच्या आचाऱ्याचा पोपट कसा शिव्या द्यायचा. ती बाई त्यांना कॅप्टन म्हणत असावी, कारण ते म्हणाले की कॅप्टनला भिऊन चालत नाही. अगं, पाणी खात्यात गळक्या पाइपांच्या तक्रारी लिहून घेण्यात ज्याची सगळी नोकरी सरली, जो माणूस पुलावरून जातानाही खाली बघत नाही, तो हे बोलतोय! एक तर त्यांचं डोकं फिरायला लागलंय, नाहीतर ती बाई त्यांना काहीबाही भरवतेय.

हेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण शेवटी ते प्रश्नांची उत्तरं द्यायला लागले. हो, दुपारी घरीच असतो. नाही, मुलगा दुकानात असतो. कडी आहे, पण लावायचा कंटाळा येतो. कळलं का? म्हातारा माणूस दुपारी एकटा असतो का आणि कडी लावतो का, हे कोणाला हवं असतं? तू कुलपांच्या कंपनीत आहेस, तूच सांग.

मी सापळा लावतोय. येत्या बुधवारी बाबांना शेजारच्या दवाखान्यात दात दाखवायला बसवणार आणि त्यांचा मोबाइल घरी ठेवून घेणार. आमचे आवाज इतके सारखे की तूसुद्धा फसतेस. फोन मी उचलणार. एवढं खोटं रचून सांगणार की चोर असेल तर आपोआप घरी येईल.

मी संशयी आहे असं म्हणशील. आहेच. पण माणसांचे डोळे तपासण्यात आयुष्य काढलंय. ज्याला फसवायचं असतं तो तक्त्यावरच्या खालच्या ओळी पाठ करून येतो.

लोभ ठेव आणि दाराला कडी लाव.

तुझा,
दादा


२० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. लगेच फोन केला तर नेमका बाबांनी उचलला. तब्येत कशी, झोप लागते का, गोळ्या घेता का, असं मी विचारत गेले आणि ते हो, हो, हो म्हणत गेले. तुला बोलवा म्हटलं तर काय काम आहे म्हणाले. उगीच काहीतरी सांगून फोन ठेवला. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. सापळा लावू नकोस. लावला असशील तर काढ.

ती बाई भामटी नाही. ती आमची आहे.

मी ज्या उपक्रमाबद्दल लिहिलं होतं तो हाच. गावोगावच्या वाचनालयांत आम्ही पाटी लावली होती की ज्यांना दुपारी गप्पा मारायला कोणी हवं असेल त्यांनी नंबर द्यावा. बुधवारी आमचे लोक ऑफिसातल्या फोनवरून त्यांना फोन करतात. कंपनीचं नाव सांगायचं नाही, म्हणून ‘सोबत’. कोणी कोणाला खरं नाव सांगायचं नाही, म्हणून टोपणनावं. फोन करणाऱ्याला नंबरही दिसत नाही, पत्ताही कळत नाही. कोणाची खाजगी गोष्ट कोणाच्या हातात पडू नये म्हणून मी हे सगळं किती विचार करून ठरवलं होतं! वाचनालयांकडून आलेले कागद मी स्वतःही बघत नाही, सहायकच सांभाळतो. बघितले असते तर आपला पत्ता ओळखला नसता का?

शेजारीण पॅकिंगमध्ये आहे. गोलात माझ्या समोरच्या बाजूला बसते, बोलताना हातातला कप फिरवत राहते. आणि कॅप्टन? दादा, कॅप्टनला आमचं अख्खं पॅकिंग ओळखतं. त्यांच्या पोपटाच्या शिव्या ऐकायला लोक चहा थंड करतात. मीसुद्धा. माझ्या समोर कित्येक बुधवार माझ्याच बाबांच्या गोष्टी चालल्या होत्या आणि मी मनात म्हणत होते, या माणसाला एकदा भेटायला हवं.

मुलाखतीचं ते वाक्यही कॅप्टनचंच. म्हणजे ती मुलगी मी. आज सकाळी फोनवर मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आता दाराच्या प्रश्नांबद्दल. ते प्रश्न माझे आहेत. आमचे लोक कुलपांतले जाणकार, म्हणून फोनच्या शेवटी दार, कडी, सोबत याची विचारपूस करावी, फुकट सल्ला द्यावा, अशी कल्पना होती. मी ते लिहिले तेव्हा त्यात माया दिसली होती. तुझ्या अक्षरात वाचले तेव्हा अंगावर काटा आला. प्रश्न तेच आहेत, शब्दही तेच. मग माया होती ती प्रश्नांत होती की फक्त माझ्या डोक्यात?

तरीही बाईची खात्री मी देते. बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांना एक बुधवार आहे, तो राहू दे.

रागावशील ते पत्रातूनच रागाव. तुझ्या रागावरही माझा लोभ आहे.

तुझी,
छोटी


२५ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अ. आ.

तुझं कुरिअर आलं ते सापळा मिटल्यावर. आता काय झालं ते ऐक.

बुधवारी फोन मी उचलला. बाईचा आवाज मऊ. कॅप्टन, आज आवाज जड वाटतोय, म्हणाली. मी म्हटलं, सर्दी. मग मी सांगितलं की घरात दिवसभर चिटपाखरू नसतं आणि मागच्या दाराची कडी तुटलीय, कोणी नुसता हात लावला तरी उघडतं. ती म्हणाली, दाराला खुर्ची लावून ठेवा, आणि दुरुस्त करून देणारं कोणी नाही का तुम्हाला? मी म्हटलं, कोणी नाही. हे तुझ्या वहिनीने स्वयंपाकघरातून ऐकलं. रात्रीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

तुला आठवत असेलच, आपल्या घराला मागचं दार नाही. मागे गोदामाची भिंत आहे आणि आपलं घर तिला चिकटलेलं आहे. म्हणूनच ते दार मी निवडलं. ते फक्त माझ्या तोंडात होतं आणि त्या बाईच्या कानात.

शनिवारी घंटा वाजली. कडक इस्त्रीतला एक तरुण, हातात पिशवी. कॅप्टनसाहेब आहेत का? मागच्या दारासाठी आलोय, ज्येष्ठांसाठी खास सवलत आहे. मी विचारलं, मागच्या दाराचं कोणी सांगितलं? तो म्हणाला, ऑफिसातून सांगून पाठवलंय. पिशवीवर तुझ्या कंपनीचं नाव होतं. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, शोध बाबा, तूच शोध दार. बिचारा सगळं घर फिरला. कपाटामागे वाकून बघितलं. शेवटी मलाच विचारलं की दार भिंतीत बुजवलंय का.

तेवढ्यात बाबा खोलीतून बाहेर आले. काय चाललंय म्हणाले. त्या मुलाने त्यांना कॅप्टनसाहेब म्हणून नमस्कार केला आणि सगळं पुन्हा सांगितलं, कडी, एकटेपणा, सवलत. बाबांनी पिशवी बघितली, माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, मला एक शब्द बोलावा लागला नाही. त्या मुलाला त्यांनी चहा दिला, नोकरी कशी आहे विचारलं, दारापर्यंत सोडलं. मला काहीच म्हणाले नाहीत. अजून म्हणालेले नाहीत.

या आठवड्यात बुधवारी फोन वाजला. त्यांनी उचलला नाही. समोर टेबलावर ठेवून तो बंद होईपर्यंत बघत बसले. पुन्हा वाजला, पुन्हा तसंच. मी सापळा लावला होता चोरासाठी. सापडले बाबा.

पण एक सांग, छोटी. मी एक खोटं एका कानात सांगितलं. ते तुमच्या विक्रीच्या पिशवीत कसं पोचलं? तू म्हणतेस कोणाची खाजगी गोष्ट कोणाच्या हातात पडत नाही. मग ही पडली ती कोणी टाकली? बाई विकते की कंपनी? आणि विचारू नये, पण विचारतो. तुला माहीत होतं का?

बाबांनी तुझी दोन्ही पत्रं मागितली. मी दिली. आता लपवून काय राहिलंय?

लोभ आहे. यावेळी तो ओढून ताणून आहे, पण आहे.

तुझा,
दादा


२८ नोव्हेंबर

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही दोघं माझ्याबद्दल इतकी सुंदर पत्रं लिहिता हे आजवर माहीत नव्हतं. मला लिहिलेली याच्या निम्मीही रंगत नाहीत.

पहिल्यांदा जहाजाबद्दल. माझं डोकं फिरलेलं नाही. त्या मुलीने पहिल्याच फोनवर विचारलं की तुम्ही काय करायचात. पाणी खात्यात असं म्हणणार होतो. पण पुढे ती काय विचारणार? पाइप कसा गळतो? म्हटलं, आज काहीतरी वेगळं होऊ या, आणि तोंडातून जहाज निघालं. ते तिला आवडलं, मलाही आवडलं. पुढच्या बुधवारी बंदर लागायचं म्हणून मी आठवडाभर वाचनालयात नकाशे बघायचो. त्यात कोणाचं काही वाईट झालं नाही. जहाज माझं आहे, त्याचं काय करायचं ते मी बघेन. इतर कोणी ते बुडवू नये.

दादाने माझा आवाज वापरला याचा राग आहे. तो जाईल. त्याने काळजीनेच केलं, पण माझ्या आवाजात त्याने तिला सांगितलं की मला कोणी नाही. ते मी कधीच म्हटलं नसतं.

कंपनीला कुलूप विकायचं होतं यात मला धक्का बसला नाही. या वयात प्रेमाने चौकशी करणाऱ्या बहुतेकांच्या पिशवीत काहीतरी असतं. गोळ्या असतात, विमा असतो. मी चहा देतो, त्यांचा वेळ चांगला जातो, माझाही जातो. पण शेजारणीच्या पिशवीत काही नाही असं मी धरून चाललो होतो. ती स्वतःचंही सांगायची. काय ते तुला सांगणार नाही, ते तुझ्या गोलासाठी नाही.

तेव्हा मला एकच गोष्ट कळायला हवी. तिला माहीत होतं का? माहीत असेल तर मी तो फोन पुन्हा उचलणार नाही, आणि वाईटही वाटून घेणार नाही, तिला नोकरी करायची आहे. माहीत नसेल तर मला तिच्याशी बोलायचं आहे. माझा नंबर तिला द्यायला माझी परवानगी आहे, दादाची लागत नाही. एवढंच बघून कळव. कंपनी, धोरण आणि उपक्रम यांचं पुराण नको.

मुलाखतीचं मी बोललो ते खरं आहे. पण तू धरलंस त्या अर्थाने नाही. तुझ्या मुलाखतीत मी दर वेळी पास होतो, याचाच मला कंटाळा आलाय.

माझा लोभ तुला मागावा लागत नाही.

तुझे,
बाबा


१० डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही एकच विचारलंत, म्हणून उत्तर आधी देते. तिला माहीत नव्हतं.

कसं कळलं ते सांगते, पुराण टाळून, जमेल तितकं. दादाचं पत्र आल्यावर माझा पहिला संशय तिच्यावरच गेला. ज्या बाईची खात्री मी लेखी दिली होती तिच्याकडे मी पुढच्या गोलात चोरासारखी बघत बसले. तिने बोलायला सुरुवात केली. म्हणाली, कॅप्टन फोन उचलत नाहीत, त्या मागच्या दारातून कोणी शिरलं असेल का? मी तेव्हाच सांगितलं होतं सगळ्यांना. मग ती विक्रीवाल्यांकडे वळली आणि त्यांना विचारलं की तुम्ही बघतो म्हणाला होतात, बघितलंत का? तिने हे सगळ्यांसमोर विचारलं. लपवायचं असतं तर कोणी असं विचारतं का? आधीच्या एका गोलात कोणाच्या तरी तुटक्या कडीचं सांगताना ती रडली होती, ते मला आठवलं; ती कडी कॅप्टनची, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि त्यांनी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली होती, तेही आठवलं. मला वाटलं होतं, किती संवेदनशील माणूस!

गोल उठल्यावर मी त्यांना थेट विचारलं. ते जराही चपापले नाहीत. म्हणाले, अहो, तुमच्याच गोलातून कळतं ना! कोणाचं दार सैल, कोण एकटं. बाजारात पायपीट करून जे कळत नाही ते तुमच्याकडे चहाबरोबर मिळतं. मी म्हटलं, लोकांनी ते विश्वासाने सांगितलेलं असतं. ते म्हणाले, मग मीही विश्वासानेच कुलूप देतो, आणि सवलतीत देतो. म्हाताऱ्या माणसाला चांगलं कुलूप देण्यात पाप काय? बाबा, त्यांच्या बोलण्यात खोट सापडेल म्हणून मी खूप शोधलं. सापडली नाही. त्यांचं स्वतःवर पूर्ण समाधान आहे. ते आमच्याबरोबर खरंच हळहळत होते की फक्त ऐकत होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित दोन्ही.

पत्ते त्यांना कुठून मिळाले? माझ्याकडून. वाढदिवसाला शुभेच्छापत्रं पाठवू म्हणाले होते, मी सहायकाला टोपणनावांसकट यादी खुशाल देऊन टाक म्हटलं. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं. दादा हे पत्र वाचेलच, म्हणून त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. मला माहीत नव्हतं, दादा. पण विक्रीचा माणूस कामाच्या वेळेत दर बुधवारी येऊन का बसतो, हे मी विचारलं नाही. तू असतास तर पहिल्याच दिवशी विचारलं असतंस. तुझ्या संशयाची मी इतकी वर्षं चेष्टा केली, ती थोडी परत घेते. थोडीच, कारण तू दाराला कान लावलास.

मग मोठ्या साहेबांकडे गेले. ते चांगले बोलले. एवढं मनाला लावून घेऊ नका म्हणाले. त्या तासाचा खर्च वर दाखवताना विक्री वाढली हे सांगता येतं, म्हणून तर उपक्रम टिकला. लोक खूश, म्हातारी माणसं खूश, खातं खूश, मग बिघडलं कुठे? मी म्हटलं, तसंच चालवायचं असेल तर प्रत्येकाला फोनच्या आधी सांगू या की हा फोन कुलपांच्या कंपनीचा आहे, तुम्ही बोलाल ते आम्ही एकमेकांना सांगतो, आणि ऐकणाऱ्यांत विक्रीवालेही असतात. ते हसले. मग मनमोकळं कोण बोलेल, म्हणाले. मी म्हटलं, तेच म्हणतेय मी. त्यानंतर ते हसले नाहीत.

उपक्रम थांबलाय. फलकावर ‘यशस्वी सांगता’ असं लिहून आलं, सोबत टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र. पॅकिंगमधल्या बायका मला जिन्यात गाठून विचारतात की आमचं काय चुकलं. त्यांच्या ज्या आजी-आजोबांनी या बुधवारी फोनची वाट बघितली असेल त्यांचं काय, असं विचारतात. लेथवाल्या गृहस्थांनी मात्र काहीच विचारलं नाही. मान हलवून पुढे गेले, जणू त्यांना हवं ते उत्तर आता मिळालं.

मी बरोबर केलं का, माहीत नाही. विश्वासाने सांगितलेलं विकलं गेलं म्हणून मी ते थांबवलं, की माझे बाबा दुसऱ्या कोणाशी हसतात हे मला सोसलं नाही म्हणून? डायरीत दोन्ही लिहिलंय. कुठल्याच पुढे फुली मारता आली नाही. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की तुमच्या बुधवारचं नुकसान मी जाणूनबुजून केलंय, आणि ते भरून काढण्याचा एकच रस्ता मला दिसतोय.

तुमची परवानगी आहे म्हणून तुमचा नंबर मी तिला देणार आहे. नंबर द्यायचा नाही हा नियम मीच लिहिला होता, तो मीच मोडते. घरून, तिच्या वेळेने, तिला वाटलं तरच ती फोन करेल. तिथे गोल नसेल आणि बिस्किटंही नसतील. फक्त त्याआधी तिला कळायला हवं की तिची काळजी कुठून कुठे गेली. तिला वाईट वाटेल. कदाचित ती म्हणेल की आता कोणालाच फोन नको. तो धोका आहे, आणि न सांगता नंबर देऊन तो टाळावा असंही दोन दिवस वाटत होतं. पण मग मी त्या बशीवाल्यांपेक्षा वेगळी कशी?

आणखी एक गोष्ट तिला माझ्याच तोंडून कळायला हवी. तिने माझ्या समोर बसून माझ्याबद्दल जे सांगितलं ते कोणाबद्दल होतं, ते. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर ती पुन्हा कधी माझ्या डोळ्याला डोळा देणार नाही. अडचण एवढीच होती की खरं सांगायला जावं तर पाणी खातं निघतं आणि तुमचं जहाज जातं. मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तो गुण आहे असं मी समजत होते. बराच विचार केल्यावर एक वाक्य सापडलंय, त्यातलं माझं ते सगळं खरं आहे आणि तुमचं ते तुमच्यावर सोपवलंय.

दादाशी आता बोला. तो तुमच्या आवाजात बोलला, पण घाबरला होता स्वतःच्याच आवाजात. वहिनीला नमस्कार. तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

लोभ मागत नाही, तुम्ही नको म्हणालात म्हणून. पुढच्या फोनवर गोळ्यांचं विचारणार नाही. बंदर कुठलं लागलं ते सांगा.

तुमची,
छोटी

डायरीत लिहिलेलं उद्याचं काम : जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमध्ये जाऊन शेजारणीला सांगणे, की मी कॅप्टनची मुलगी.